जरा उचलून लावा : आतल्या झडपा कशाच्या कराव्यात?

कोकणातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बाहेरून गज असतात आणि झडपा आत उघडतात. झडपांऐवजी पडदे लावा म्हणणारे भेटतात, पण जुलैतल्या वाऱ्यात पडदा ओला होतो आणि फडफडतो, बाकी काही नाही. तेव्हा झडपाच करायच्या हे तुमचं ठरलंय आणि त्या कशाच्या करायच्या एवढंच अडलंय, असं धरून लिहितो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत मी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड), प्लाय आणि साग असे तीनही प्रकार लावून पाहिले. त्यात एका खोलीच्या झडपांचे पैसे दोनदा मोजले.

दुकानात विचाराल तर गप्पा पाण्याच्या आणि वाळवीच्या होतील. त्या दोन्ही बाबतींत डब्ल्यूपीसीचा बोर्ड लाकडाच्या पुढे आहे, त्यात वाद नाही. मीही त्याच हिशेबाने २०१५ साली मागच्या खोलीत तोच बसवला. आम्ही समुद्रापासून अर्ध्या मैलावर आहोत, मृग लागला की चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. न फुगणारी, न कुजणारी झडप म्हणजे सोनंच वाटलं.

पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या गणपतीला झडप खाली चौकटीला घासू लागली. फुगली नव्हती, झुकली होती. वरच्या बिजागरीच्या स्क्रूंचे आटे गेले होते. स्क्रू बोटाने फिरवला तरी नुसता फिरायचा. सुतार आला, त्याने जाड स्क्रू मारले. सहा महिन्यांनी तेही फिरू लागले. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो बोर्डावर नख टोकरत म्हणाला, ‘काका, ह्यां लाकूड न्हय, स्क्रू धरूचो नाय.’

तेव्हापासून त्या खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाला मी एकच वाक्य ऐकवत आलो : ‘झडप जरा उचलून लावा हं.’ मुंबईहून आलेल्या मेहुण्यांना, त्यांच्या मुलांना, बाळंतपणाला आलेल्या पुतणीला. रात्री पावसाची सर आली की अंधारात कुणीतरी झडप ओढणार, ती घासणार, आणि मी पलीकडच्या खोलीतून ओरडणार. दोष तसा क्षुल्लक. पण दिवसातून दोनदा, असा तीन वर्षं सोसला की क्षुल्लक राहत नाही.

यातून एक समजलं. झडपेचा सगळा भार बिजागरीच्या सात-आठ स्क्रूंवर असतो, आणि बिजागरी बसते ती कडेला. चार फूट उंच, दीड फूट रुंद सागवानी झडप सात-आठ किलो भरते. बोर्डाची त्याहून फार हलकी नसते, प्लास्टिक म्हणजे हलकं हा आपला समज. म्हणून नमुना हातात दिला की तो पाण्यात बुडवून बघू नका. त्याच्या कडेला स्क्रू पिळा, काढा, पुन्हा पिळा. आटा धरतो का ते बघा.

या परीक्षेत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, पहिल्याच फेरीत बाद. शहरात, वातानुकूलित खोलीत, रंगवलेल्या एमडीएफच्या झडपा सुरेख दिसतात आणि टिकतही असतील. आमच्या हवेत कडा फुगून पावासारख्या होतात. प्लायचं थोडं वेगळं. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, पाण्याला दाद देत नाही. पण कडेला स्क्रू मारला की थर सुटू लागतात. उपाय सोपा आहे : बिजागरीच्या बाजूला इंचभर सागाची पट्टी चिकटवून घ्यायची. माडीवरच्या दोन खिडक्यांना मी तेच केलं आणि तक्रारीला जागा नाही. बजेट आवळायचं असेल तर हा मार्ग मी मोकळ्या मनाने सुचवीन. दिसायला मात्र कपाटाच्या दारासारखं दिसतं.

यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांसाठीचं कडक प्लास्टिक, मी स्वतः बसवलं नाही, कोटेशनपर्यंत गेलो होतो. त्यात आतून लोखंडी नळी असते, त्यामुळे स्क्रू पक्का बसतो, हे कबूल. पण आमची चौकट नव्वद वर्षांची. सुताराने काटकोन तपासायचा गुण्या लावला तर एका कोपऱ्यात तीन सूत फरक (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). लाकडाची झडप चौकटीच्या वाकडेपणाप्रमाणे रंधून बसवता येते. यूपीव्हीसीला चौकट सरळ लागते, म्हणजे जुनी काढा, भिंत फोडा, नवी बसवा. नव्या बांधकामात ही अडचण येणार नाही. ॲल्युमिनियमबद्दल शेजारच्या घरात पाहिलंय तेवढंच सांगतो : खाऱ्या हवेने पांढरी भुकटी धरते आणि वाऱ्यात रात्रभर खडखडतं. चांगल्या कोटिंगचं घेतलं तर कदाचित इतकं होत नसेल.

राहिला साग. महाग आहे, आणि पावसात थोडा फुगतोही. पहिल्या पावसाळ्यात आमच्याही दोन झडपांना रंधा मारावा लागला. शिवाय हल्ली वखारीत घाना, इक्वेडोरहून आलेला लागवडीचा साग बराच असतो, त्यात गाभ्याबाहेरचं पांढुरकं लाकूड जास्त. ते किडीला बळी पडतं, म्हणून फळी उलटसुलट पाहून घ्या. पाडलेल्या वाड्याचा जुना साग मिळाला तर उत्तम, फक्त आत राहिलेल्या खिळ्यांनी सुताराच्या रंध्याचं पातं जातं आणि त्याचा पारा चढतो. फणसही वाईट नाही. आजोबांच्या वेळची देवघराची झडप फणसाची आहे, पिवळ्याची तांबूस झाली, पण हलली नाही.

पण सागाचं खरं कौतुक मला आटे गेल्यावर कळलं. समोरच्या खोलीतल्या एका झडपेचा स्क्रू मागच्या वर्षी सैल झाला. सुताराने भोकात फेविकॉल लावून बांबूची खुंटी ठोकली, वर सपाट कापली आणि तिथेच स्क्रू पुन्हा पिळला. दहा मिनिटं, एक चहा. बोर्डात आम्ही हेच करून पाहिलं होतं, तेव्हा खुंटीसकट स्क्रू बाहेर आला होता.

करून घेणार असाल तर चैत्र-वैशाखात घ्या, आणि दोन झडपांच्या मध्ये एक सूत फट सोडायला सांगा, पावसाळ्यात ती आपोआप भरते. स्क्रू आणि बिजागऱ्या पितळेच्या किंवा ३१६ प्रतीच्या, खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेसच्या. लोखंड गंजतंच, वर सागावर काळा डाग उठवतं. पॉलिश झडपेच्या खालच्या कडेलाही मारून घ्या. ती कड दिसत नाही, म्हणून हमखास राहते, आणि पाणी पितं ते तिथूनच.

न्हाणीघराच्या छोट्या खिडकीला डब्ल्यूपीसीची झडप अजून ठेवली आहे. तिथे शिंतोडे सतत उडतात आणि झडप आहे फूटभराची, तेव्हा भार नाहीच. मागच्या खोलीतल्या मोठ्या दोन काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या आहेत. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा, लावताना मात्र जरा उचलून लावा.