आधी कोणाचे चित्रपट पाहावेत: नोरा आउनॉर की विल्मा सांतोस?

फिलिपिनो चित्रपटांकडे नव्याने वळणाऱ्याला या दोन अभिनेत्रींपैकी आधी कोणाला पाहावे, असा पेच पडतो. चाहत्यांनी वर्षानुवर्षे रंगवलेले वैर येथे बाजूला ठेवले आहे.

दोघींचा जन्म १९५३ चा. विल्मा १९६३ मध्ये बालकलाकार म्हणून पडद्यावर आल्या, तर इरिगा येथील रेल्वे स्थानकावर पाणी विकणाऱ्या नोरा गायनस्पर्धा जिंकून पुढे आल्या.

खरा फरक अभिनयात आहे. नोरा बोलतात कमी आणि डोळ्यांनी सांगतात अधिक. ‘बोना’मध्ये (१९८०) एका दुय्यम नटाच्या अंघोळीसाठी मुकाट्याने पाणी तापवणाऱ्या मुलीचा साचत गेलेला संताप संवादांआधीच जाणवतो. विल्मांची ताकद मात्र भूमिकेतील स्थित्यंतरात आहे. ‘सिस्टर स्टेला एल.’मध्ये (१९८४) कामगारांच्या संपात ओढली गेलेली नन (ख्रिस्ती संन्यासिनी) हळूहळू ठाम होत जाते, तर ‘आनाक’मध्ये (२०००) हाँगकाँगमध्ये घरकाम करून परतलेल्या आईला स्वतःची मुलेच परकी झालेली दिसतात.

कारकिर्दीच्या सातत्यात विल्मा सरस वाटतात, जरी १९९८ पासून लिपा शहराचे महापौरपद आणि पुढे बातांगास प्रांताचे राज्यपालपद सांभाळताना त्यांचे चित्रपट विरळ झाले. नोरांचा आलेख चढउतारांचा असला, तरी २०२२ मध्ये त्यांना ‘राष्ट्रीय कलाकार’ हा सन्मान मिळाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कौटुंबिक कथा आवडणाऱ्याने ‘आनाक’पासून आरंभ करावा. संथ, अस्वस्थ करणारा चित्रपट पेलणाऱ्याने इश्माएल बर्नाल दिग्दर्शित, नोरांचा ‘हिमाला’ (१९८२) आधी पाहावा. निवड जमतच नसेल, तर त्याच वर्षीच्या ‘टी-बर्ड आत आको’मध्ये दोघी समोरासमोर आहेत.