बिडी सोडवायला बक्षीस: एकरकमी, रोजचं, चढतं की अनामत?

घरातल्या कुणाची बिडी-सिगारेट सुटावी म्हणून पैसे बाजूला काढायची तयारी असेल, तर ते किती द्यायचे यापेक्षा कधी आणि कसे द्यायचे हे आधी ठरवा. "दिवाळीपर्यंत सोड, मोबाईल घेऊन देतो" हा आपल्याकडचा नेहमीचा सौदा मला सगळ्यात कच्चा वाटतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. लातूरच्या मोंढ्यात पोती उचलणाऱ्याला तलफ आज दुपारीच येणार, मोबाईल मात्र चार महिने लांब.

रोजची ठरीव रक्कम त्याहून बरी. न ओढता दिवस गेला की ५० रुपये. पण वीस दिवस टिकलेला माणूस एकविसाव्या दिवशी घसरला, तरी त्याचे जातात ५०च.

चढत्या बक्षिसात सुरुवात १० रुपयांनी, रोज ५ची वाढ, आणि ओढली की परत १०वर. इथे एकविसाव्या दिवशी ११० रुपये बुडतात, वर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं. १९९६ साली रोल, हिगिन्स आणि बॅजर या अमेरिकन संशोधकांनी ठरीव आणि चढतं बक्षीस समोरासमोर तपासलं. सोडायला दोन्हींनी मदत केली. पण एकदा थांबलेले लोक पुन्हा ओढायला लागण्याचं प्रमाण चढत्या बक्षिसात कमी होतं. म्हणून माझं मत चढत्यालाच. फक्त घसरलेल्याला परतीची वाट ठेवा: सलग तीन दिवस पाळले की जुनी पायरी परत. नाहीतर माणूस हिरमुसतो आणि "आता गेलंच सगळं" म्हणत टपरी गाठतो.

अनामतीत माणूस स्वतःचेच पैसे अडकवतो. ओढली तर ते गेले. गमावण्याची भीती जबर, पण तयार होतात थोडे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगात बक्षिसाची योजना ९० टक्के लोकांनी स्वीकारली, अनामतीची १३.७ टक्क्यांनी. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत उधारीवर चालणाऱ्या घरात तर ही अट घालूच नये. स्वतःहून "माझे पैसे धरून ठेवा" म्हणणाऱ्यालाच ती द्यावी.

पडताळणी मात्र कुठल्याही पद्धतीत हवीच. श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजणाऱ्या यंत्राला बिडी कळते, मळलेली तंबाखू कळत नाही. आपल्याकडे बिडी सोडून पुडीवर जाणं फार सोपं आहे, म्हणून पहिल्याच दिवशी करारात लिहा: तंबाखू कुठल्याही रूपात घेतली, तर त्या दिवसाचं बक्षीस नाही.