ऑटो ब्रेकिंगचा दीड वर्षाचा अनुभव, एकदा वाचवलं पण उगाच ब्रेक कितीतरी वेळा

हा रिव्ह्यू गाडीचा नाही, फक्त तिच्यातल्या ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंगचा आहे, म्हणजे एईबी, समोर धडक होईल असं वाटलं की गाडी स्वतःच ब्रेक मारते ते. मायलेज, सीट, म्युझिक सिस्टिम याबद्दल ढीगभर लिहिलेलं सापडतं, पण हे फीचर चुकतं तेव्हा नेमकं काय होतं ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ८० च्या आसपास स्पीडला होते, समोर पूर्ण मोकळा रस्ता, वरून एक लोखंडी पूल जात होता. एकदम लाल दिवा, बीप बीप, आणि मला काही कळायच्या आत गाडीने करकचून ब्रेक मारला. जेमतेम एक सेकंद. पण मागे आई बसली होती, तिचा खांदा बेल्टमध्ये असा आवळला की दोन दिवस दुखत होता, आणि आरशात बघते तर मागचा टेम्पो डिकीला टेकायचा तेवढा बाकी. त्याने जोरात हॉर्न मारला, मला त्याचा राग नाही आला, त्याला काय दिसलं तर मोकळ्या रस्त्यात कुणीतरी कारण नसताना थांबलं.

नंतर मग दर आठवड्याला एक-दोनदा व्हायला लागलं. रस्त्याच्या कामावर टाकलेली लोखंडी प्लेट, वळणावर कडेला उभा ट्रक, संध्याकाळी समोरून येणारं ऊन. वाचत गेले तसं कारण थोडं समजलं. समोरचं ओळखायला गाडीत रडार आणि कॅमेरा असतो. रडारला धातू फार जोरात दिसतो पण तो रस्त्यावर आहे की रस्त्याच्या वर, हे बऱ्याच रडारना नीट कळत नाही. आणि उभी असलेली प्रत्येक गोष्ट, मग तो पूल असो, पाटी असो की खरोखर बंद पडलेली गाडी, रडारला सारख्याच वेगाने जवळ येताना दिसते. म्हणून कॅमेऱ्याची साथ लागते, आणि कॅमेऱ्याला ऊन, सावली, घाण काच यांचा त्रास. उभ्या गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकवलं तर खरी धडक होणार, नाही शिकवलं तर उगाच ब्रेक लागणार. अवघड आहे हे मान्य.

पण सर्व्हिस सेंटरचा अनुभव मान्य नाही. दोन वेळा गेले, दोन्ही वेळा "मॅडम, हे नॉर्मल आहे, एरर कोड काहीच नाही" असं सांगून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी एका मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, पुढची काच बदललीय का? बदलली होती! खडा लागून तडा गेला होता म्हणून बाहेरून बसवून घेतली होती, आणि कॅमेरा त्याच काचेला आतून आरशाच्या मागे असतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो पुन्हा नेमका जुळवून घेणं, करावं लागतं हे ना काचवाल्याने सांगितलं ना सर्व्हिस सेंटरने आधी विचारलं. समोर टार्गेट बोर्ड लावून कॅलिब्रेशन केलं, आणि तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यातून एखादवेळेस होतं. म्हणजे गेलं नाही पण खूप कमी झालं. तुम्ही काच बदलणार असाल तर कृपया हे आधी विचारा, बंपर काढून बसवला असेल तर रडारचं पण विचारा.

उगाच ब्रेक लागण्याचा हा प्रकार फक्त माझ्या गाडीचा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसएने, म्हणजे तिथल्या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने, एकाच कंपनीच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची याच कारणासाठी चौकशी सुरू केली, ३५४ तक्रारी आल्या होत्या. आणि हे झालं नको तिथे ब्रेक लागण्याचं, हवा तिथे न लागण्याचं मला जास्त भीतीदायक वाटतं. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या अमेरिकन रस्ता सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात पादचारी ओळखणाऱ्या सिस्टिममुळे पादचाऱ्यांना धडक बसायचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी दिसलं, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात फरकच नाही. त्यांच्याच २०२५ च्या चाचणीत तीनपैकी दोन गाड्यांनी चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेल्या पुतळ्याला धडक दिली. रस्त्यावर काम करणारी माणसं जीव वाचावा म्हणूनच तर ते जॅकेट घालतात, हे वाचून खरंच पोटात गोळा आला.

तरी मी सिस्टिम बंद केलेली नाही. एकदा लेन बदलायला आरशात बघत होते तेवढ्यात पुढची गाडी जागच्या जागी थांबली, माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी गाडीने स्वतः ब्रेक मारला होता आणि वीतभर अंतर ठेवून उभी राहिली. पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे अपघात या सिस्टिममुळे जवळपास निम्मे होतात असं आकडे सांगतात, आणि त्या दिवसानंतर मला ते पटतं.

माझी मागणी एकच आहे, गाडीने ब्रेक का मारला, तिला काय दिसलं, हे गाडीच्या मालकाला बघता आलं पाहिजे. आज मला सर्व्हिस सेंटरमध्ये फक्त माझा शब्द द्यावा लागतो आणि तो कुणी धरत नाही. म्हणून आता डॅशकॅम पुढे-मागे दोन्हीकडे लावलाय, प्रत्येक वेळी जागा, वेळ, स्पीड आणि ऊन कुठून होतं ते लिहून ठेवते. वॉर्निंग "लवकर" वर ठेवलीय म्हणजे आधी बीप येतो, आणि उगाच ब्रेक लागला तर अॅक्सिलरेटर जोरात दाबला की माझ्या गाडीत तो सुटतो, मॅन्युअलमध्ये आहे हे, तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बघा. पाचपैकी तीन स्टार सिस्टिमला, सर्व्हिसला एक, आणि तो पण त्या मेकॅनिकमुळे.