नवी स्केल चेंजर घ्यावी, की जुनीच पेटी लावून घ्यावी?

बैठकीत कुणाची तरी पेटी, म्हणजे हार्मोनियम, गोड वाजते आणि घरी आल्यावर आपली कोंदल्यासारखी वाटायला लागते. मग चौकशा सुरू होतात, दुकानं पालथी घातली जातात. असं करत माझ्याकडे तीन पेट्या झाल्या. तिसरी स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी. चौथीचा विचार मनात आला तेव्हा मात्र आधी सगळ्यात जुनी पेटी सुरांसाठी एका कारागिराकडे नेली. त्यामुळे दोन्ही वाटा मला अनुभवाने माहीत आहेत.

स्केल चेंजरची सोय खरीच मोठी आहे. आमच्या भजनात एक जण काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गातो, दुसऱ्याला पांढरी चार लागते. पट्ट्या सरकवल्या की बोटं आपल्या सवयीच्या जागी राहतात. वजन जास्त असतं, जिना चढताना ते जाणवतं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की सरकणारी फळी अडते. हे सगळं चालवून घेता येतं.

मला चालवून घेता आलं नाही ते गांधाराचं, म्हणजे ग या स्वराचं. एकदा पहाटे तंबोरा काळी एकला लावून यमन घेऊन बसलो होतो. तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या (खालच्या सा-च्या) तारेतून गांधार आपोआप उमटतो. तो ऐकत स्केल चेंजरचा ग दाबला आणि दोन गांधारांमध्ये लहर उठली, थरथरणारी, न थांबणारी. पेटीचा ग सुमारे 14 सेंट चढा होता (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). पेटी बिघडलेली नव्हती. स्केल चेंजरमध्ये षड्ज (सा) कुठल्याही सुरावर येऊ शकतो, म्हणून बाराही स्वर सारख्या अंतरावर लावावे लागतात, आणि तसं केलं की शुद्ध गांधार चढाच राहतो. एकदा ऐकू आल्यावर ती लहर माझ्या कानातून गेलीच नाही. गाताना माझाही ग वर सरकू लागला.

जुन्या पेटीला गांधार ट्यूनिंग करून घेतलं, म्हणजे एकच षड्ज धरून स्वर तंबोऱ्याशी जुळवून घेतले. दुहेरी सुरांची साडेतीन सप्तकी पेटी, म्हणजे 84 सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या). टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. कारागीर एकेक सूर काढून, हलक्या हाताने खरवडून, परत बसवून तंबोऱ्याशी ताडून पाहत होते. दोन दिवस लागले. खर्च नव्या पेटीच्या मानाने फारच थोडा आला. घरी आल्यावर पुन्हा ग दाबला, तर तो तंबोऱ्यात विरघळून गेला.

मर्यादा आहेच. ही पेटी काळी एकची झाली. काळी दोनला वाजवली तर कानाला टोचते. पण एक गोष्ट आधी माझ्या लक्षात आली नव्हती: काळी चारला ती बरीच जमते, कारण काळी एकचा निषाद (नी) तिथे गांधार होतो आणि तोही शुद्धच लागलेला असतो. रिषभ (रे) किंचित उतरलेला वाटतो, एवढंच. काळी चारला गाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीचं त्यावर छान भागतं.

तुम्ही रोज वेगवेगळ्या गायकांच्या साथीला बसत असाल, तर स्केल चेंजरला पर्याय नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण तुमचा रियाज एकाच पट्टीत असेल आणि जुन्या पेटीचा भाता धड असेल, तर पैसे मोजण्याआधी थोडं थांबा. दुकानात जाताना मोबाइलवर तंबोरा घेऊन जा. आपल्या पट्टीत तो सुरू करा आणि आवडलेल्या पेटीचा फक्त गांधार मिनिटभर दाबून धरा. मग घरी येऊन जुन्या पेटीसमोर बसा.