अर्दशीरच्या नाण्यापायी 61,350 रुपये गेले

61,350 रुपये. आकडा पूर्ण लिहितोय, कारण 'थोडेफार गेले' म्हणून सगळे गप्प बसतात आणि या खोटी नाणी विकणाऱ्यांचं फावतं. प्राचीन इराणच्या ससानियन राजांची नाणी म्हणून घेतली: दुसऱ्या खुस्रोची तीन, प्रत्येकी 7,500. पहिल्या अर्दशीरचं एक, 38,000. वर कुरिअरचे 850, तेही आगाऊ! "जुन्या पारशी घराण्यातली आहेत सर, बाहेर बोलू नका." हे वाक्य कानावर आलं की तिथेच फोन ठेवायचा.

मी नवशिका नाही. ससानियन राजा मुकुटावरून ओळखतात, आणि अर्दशीरचा मुकुट बरोबर होता: डोक्यावर रेशमात बांधलेला केसांचा गोळा. माझी नजर तिथेच अडकली, तुमचीही अडकली असती. पण मागची बाजू! अग्निवेदीच्या दोन्ही अंगांना माणसं उभी. अर्दशीरच्या नाण्यावर वेदी एकटीच असते. माणसं आली ती त्याच्या मुलाच्या, पहिल्या शापूरच्या नाण्यांपासून. मला हे पाठ आहे हो! व्हिडिओ कॉलवर विचारलंही. तर म्हणतो, "तेच तर रेअर आहे सर, म्हणून अडतीस." आणि त्यावर मी पिन टाकला. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आधी वजन करा. ही नाणी पातळ, पसरट, चार ग्रॅमच्या आसपास असतात. माझी साडेपाचच्या वर. खुस्रोच्या तिन्ही नाण्यांना कडेला एकाच जागी एकसारखा तडा. हाताने ठोकून पाडलेल्या नाण्यांचा ठसा एक असेल, तडा कसा एक असेल? साच्यात ओतलेला माल. कडेचा फोटो मागा, द्यायला टाळाटाळ केली की सोडा.

पोलीस ठाण्यात आधी हसले. "नाणी दिली ना त्याने? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या टेबलावर उलटं: "पुरातन वस्तू घेता, कागद कुठायत?" म्हणजे नाणी खरी असती तर मी संशयित, खोटी निघाली तर तक्रारच नाही! परवाना विकणाऱ्याला लागतो, 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, म्हटलं तर "आम्हाला शिकवू नका". बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. ठाण्यात तज्ज्ञाचं पत्र आणा म्हणाले. ज्या कार्यालयात धाडलं तिथे खासगी नाणी तपासतच नाहीत. तोवर पैसे भलत्याच खात्यांत पोचलेले. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात करा, ठाण्याच्या बाकावर बसून झाल्यावर नाही. आणि परतीची अट लेखी नसेल तर टोकनही देऊ नका.

त्याचा नंबर बंद आहे. पण खुस्रोचा तोच फोटो, तोच तडा, आता दुसऱ्याच नावाने 9,000 ला फिरतोय.