जर्नलसाठी ओजेएस घ्यावं का? सदाशिव पेठेतून तीन वर्षांचा अनुभव

ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, हे जर्नलचा कारभार ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर, त्याबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितेय. आमचं प्रौढ शिक्षणावरचं छोटं जर्नल आहे, वर्षाला दोन अंक, निम्मे लेख मराठी निम्मे इंग्रजी, ऑफिस म्हणजे सदाशिव पेठेत दीड खोली. संपादक सर रिटायर्ड प्राध्यापक, आणि हिशोब, प्रूफं, पोस्ट, प्रेस हे सगळं मी.

आधी कारभार जीमेलवर होता. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल सरांनी बघितलेलं' अशा वर्डच्या फायली, आणि कुठला लेख कुणा जाणकाराकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, गेलाय ते एका वहीत, आणि वही सरांच्या घरी एरंडवण्यात. एका लेखकाने सात महिन्यांनी फोन करून विचारलं माझ्या लेखाचं काय झालं, तेव्हा कळलं की तो कुणालाच पाठवलेला नाही. मग ओजेएस घेतलं.

हे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टवाल्यांचं सॉफ्टवेअर, जॉन विलिन्स्कींनी 1998 मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तो प्रोजेक्ट सुरू केला. ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे शून्य. पीएचपी आणि डेटाबेस असलेलं होस्टिंग मात्र आपलं आपण घ्यायचं, आणि खरा ताप तिथूनच सुरू होतो. आमच्या होस्टिंगवाल्याने (नाव घेत नाही) इन्स्टॉल करताना लेखांच्या फायलींचं फोल्डर वेबसाईटच्याच फोल्डरमध्ये ठेवलं. ते बाहेर ठेवायचं असतं, नाहीतर बाहेरचं कुणीही त्यातून आपल्या साईटवर नको ते चढवू शकतं, सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण वाचतंय कोण. चार महिन्यांनी गुगलवर आमच्या जर्नलचं नाव टाकलं तर ऑनलाइन जुगाराच्या लिंका. सर म्हणाले, "निदान कुणीतरी आपली साईट वापरतंय." होस्टिंगवाल्याला फोन केला तर म्हणे तिकीट टाका मॅडम. शेवटी बदललाच.

आता चांगलं सांगते. लेख आला की सबमिशन, रिव्ह्यू, कॉपीएडिटिंग, प्रॉडक्शन अशा टप्प्यांनी पुढे सरकतो, कुठे किती दिवस अडकलाय ते समोर दिसतं, रिव्ह्यूअरला आठवणीची मेल आपोआप जाते. पहिल्याच वर्षी उघड झालं की सगळ्यात जास्त दिवस लेख दाबून बसणारे आमचे सरच. त्यानंतर दोन आठवडे ते स्क्रीनकडे बघायलाच तयार नव्हते. रिव्ह्यूअरला मेलमधूनच थेट लेख उघडेल अशी सेटिंग आहे ती जरूर चालू करा, पासवर्ड घालायला लावलं की आपले ज्येष्ठ लोक सरळ फोन करतात आणि अख्खा रिव्ह्यू तोंडी सांगतात. आणि नाव लपवून रिव्ह्यू करायचा असेल तर वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव हाताने काढा, मी एकदा विसरले.

मराठीवाल्यांनी हे नीट वाचा. आमचे जुने अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये लावलेले. पीडीएफ दिसायला झकास, पण मजकूर कॉपी केला की नुसती रोमन अक्षरांची भेळ, म्हणजे गुगल स्कॉलरच्या (गुगलचं शोधनिबंध शोधायचं पान) लेखी त्या अंकांत मराठी नाहीच. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं जागा सोडून पळतात, त्यामुळे पानन् पान परत वाचावं लागलं. यात ओजेएसचा काही दोष नाही, ते फक्त आपण दिलेली फाईल लावतं. सहा जुने अंक झालेत, बाकीचे कपाटात आहेत.

डीओआय म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेचे पैसे वेगळे, वार्षिक फी आणि वर नव्या लेखामागे 1 डॉलर, पण एकदा जोडणी झाली की ओजेएसमधूनच नोंद जाते. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा स्वतःचा नोंदणी क्रमांक, भारतात फुकट मिळतो, छापील आणि ऑनलाइनसाठी दोन वेगळे घ्यावे लागतात.

आता लोकांचे फोन. पूर्वी पहिला प्रश्न, "तुमचं केअर लिस्टमध्ये आहे का?" ही यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, तिचं काम इथेच आपल्या पुणे विद्यापीठात चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने ती लिस्ट बंद केल्याचं जाहीर केलं, मला वाटलं सुटलो. आता विचारतात, "स्कोपस आहे का?" (ती एका परदेशी कंपनीची जर्नल्सची सूची) आणि नाही म्हटलं की पुढचा प्रश्न फी किती. आम्ही लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचकाकडूनही नाही, याला म्हणे डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. नाव हिऱ्याचं आणि होस्टिंगचं बिल सरांच्या पेन्शनमधून. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरासाठी जर्नल्सची एकच वर्गणी भरायची योजना, तिला सरकारने तीन वर्षांसाठी 6000 कोटी दिले, चांगलंच आहे, सरकारी कॉलेजच्या पोरांना परदेशी जर्नल्स वाचायला मिळतात. पण ते वर्गणीचे पैसे, आणि आमची वर्गणीच नाही.

माझी मुख्य कुरकुर मात्र वेगळी आहे. हे सॉफ्टवेअर धरून चालतं की लेखक विद्यापीठातला आहे. ईमेल, संस्था, गोषवारा, कीवर्ड, संदर्भ. आमच्याकडचे सगळ्यात वाचनीय लेख येतात साक्षरता वर्ग चालवणाऱ्यांकडून. मुळशीकडच्या एक ताई आहेत, वर्गातल्या आज्या सही शिकल्यावर बचत गटाच्या रजिस्टरवर अंगठा द्यायला कशा नकार द्यायला लागल्या ते त्यांनी लिहिलं, वहीच्या अकरा पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. कीवर्ड विचारले तर म्हणाल्या, "म्हणजे काय हो मॅडम?" मग मीच टाइप केलं, मीच त्यांच्या नावाने सबमिट केलं (तशी सोय आहे) आणि रिव्ह्यूअरचे शेरे फोनवर वाचून दाखवले. त्यांनी दोन मान्य केले, तिसऱ्याला म्हणाल्या, "त्यांना एकदा वर्गावर पाठवा." सिस्टिममध्ये हे लिहायला रकाना नाही, मी संपादकीय चर्चेत टाकलं.

पाचपैकी चार स्टार. रोज तासभर देणारं एक माणूस असेल आणि अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्यायची शिस्त असेल तर बिनधास्त घ्या. ती वही अजून सरांच्या घरीच आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात अजूनही नोंदी होतात.