न खेळणाऱ्या पोरांसाठी मंडळाने काय सुरू करावं: कबड्डी की खो-खो?

शाळा सुटल्यापासून मैदानाकडे न फिरकलेली पंधरा ते वीस वयाची मुलं-मुली खेळती करायची, तर वस्तीतल्या मंडळापुढे खरे पर्याय दोनच. क्रिकेट ज्यांना हवं ते आधीच खेळतात. मल्लखांबाला जाणता वस्ताद आणि खाली जाड गाद्या हव्यात. नसतील तर तो विचार सोडा.

जागेत कबड्डी स्वस्त. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. खो-खोला २७ बाय १६ आणि भोवती धावायला मोकळी जागा. पण कबड्डीची जमीन मऊ लागते: खणून खडे-काचा वेचायच्या, वर चाळलेली माती टाकायची, आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं. घट्ट मुरमावर खेळवलं तर गुडघे-कोपरं सोलतात आणि नवखे दुसऱ्या दिवशी येत नाहीत. खो-खोला सपाट कठीण जमीन चालते, मात्र खांब पक्का हवा. खेळाडू त्याला धरून झोकात वळतो. खांब हलला की तोल गेलाच. रेषा फक्कीने मारा, चुना नको; घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना तो भाजतो.

खरा फरक हजेरीत दिसतो. पहिल्या महिन्यात कधी अठरा येतात, कधी सात. आठ जणांत चार-चारची कबड्डी रंगते. खो-खोत एकट्या पाठलागाच्या संघालाच नऊ लागतात, आठ बसलेले आणि एक धावणारा. समोर निदान तीन संरक्षक. बारा न जमले तर खेळाचं रूपच बिघडतं.

दुसरी गोम बाहेर बसण्याची. कबड्डीत नवखा पहिल्याच चढाईत बाद होतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद करेपर्यंत कडेला बसतो. म्हणजे घरी बसायचा तो इथे बसला! म्हणून सुरुवातीला नियम मोडा: बाद झालेला दोन चढायांनंतर आपोआप आत. खो-खोतही संरक्षणाच्या पाळीत तिघं आत, बाकीचे बाहेर. नऊ मिनिटांची पाळी नवख्यांना झेपत नाही, दम दोन मिनिटांत जातो. तीन मिनिटांच्या पाळ्या ठेवा.

दुखापतीच्या बाबतीत खो-खो सोपा, तरी जड अंगाच्या मुलांच्या पोटऱ्या उकिडवं बसून आखडतात. त्यांना आधी धावतं ठेवा, बसवू नका. कबड्डीत घोटा धरून ओढण्याने चढाई करणारा तोंडावर आपटतो. पहिले दोन आठवडे फक्त स्पर्शाची कबड्डी, मग गुडघ्यांवर बसून पकडीचा सराव, जोड्या सारख्या वजनाच्या. नखं कापलेली आहेत का, हे रोज पाहावं.

मुली येणार असतील तर कौल खो-खोकडे. पकडीची झोंबाझोंबी नसल्याने घरचे लवकर तयार होतात आणि मिश्र सरावही अवघड जात नाही. वेळ मात्र उजेडातली, क्लासच्या आधीची.

मुलगेच असतील आणि हजेरी डळमळती असेल तर कबड्डीने सुरुवात करा. रोज वीसेक जण जमू लागले की खांब रोवा. स्पर्धेची घाई दोन्हीकडे नडते. चषकासाठी एकच संघ निवडला की उरलेली पोरं दुसऱ्या दिवशी गायब होतात. उतरायचंच असेल तर दोन संघ उतरवा, दुसरा हरला तरी चालेल.